अडसर कोणाचा? : हेलन होआंग यांच्या प्रेमकादंबऱ्यांतील स्वमग्नता आणि स्थलांतर

प्रस्तावना

लोकप्रिय प्रेमकादंबरी हा वाङ्मयप्रकार विद्यापीठीय समीक्षेत दीर्घकाळ उपेक्षित राहिला. 'रंजनपर' या एका विशेषणात त्याची बोळवण होत असे. जॅनिस रॅडवे यांनी 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) या ग्रंथात वाचक स्त्रियांच्या अंगाने, तर पामेला रेजिस यांनी 'अ नॅचरल हिस्टरी ऑफ द रोमान्स नॉव्हेल' (२००३) मध्ये रचनेच्या अंगाने या प्रकाराचा गांभीर्याने विचार केला. रेजिस यांनी प्रेमकादंबरीचे जे आठ आवश्यक घटक सांगितले, त्यांपैकी 'अडसर' हा एक महत्त्वाचा घटक होय. नायक-नायिकेच्या मीलनाच्या आड येणारी गोष्ट कधी बाहेरची असते, कधी त्यांच्या मनातलीच असते. व्हिएतनामी वंशाच्या अमेरिकन लेखिका हेलन होआंग यांच्या 'द किस कोशंट' (२०१८), 'द ब्राइड टेस्ट' (२०१९) आणि 'द हार्ट प्रिन्सिपल' (२०२१) या तीन कादंबऱ्यांतील अडसराचे स्वरूप तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या कादंबऱ्यांत स्वमग्न पात्रे आहेत, तशीच स्थलांतरित कुटुंबेही आहेत. मात्र स्वमग्नता किंवा परकेपण हा त्यांतील खरा अडसर नव्हे. त्यांविषयीचा रूढ समज हा खरा अडसर आहे, असे येथे दाखवावयाचे आहे.

सैद्धान्तिक भूमिका

स्वमग्न व्यक्तीला दुसऱ्याचे मन कळत नाही, ही धारणा मानसशास्त्रात दीर्घकाळ प्रभावी होती. ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न आहेत. त्यांनी २०१२ मध्ये या धारणेला छेद देणारी मांडणी केली. दोन भिन्न प्रकारची मने समोरासमोर येतात तेव्हा आकलनाचा अभाव दोन्ही बाजूंनी असतो, परंतु दोष मात्र एकाच्याच पदरी टाकला जातो, असे या मांडणीचे सार सांगता येईल. ही 'दुहेरी सहानुभूतीची समस्या' स्थलांतरितालाही लागू पडते. भाषा न कळणे परस्पर असते, तरी अडाणी ठरतो तो परदेशातून आलेला माणूस.

जेवणाच्या मेजावरील प्रसंग

होआंग यांना २०१६ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, स्वमग्नतेचे निदान मिळाले. त्यांच्या पहिल्या कादंबरीची नायिका स्टेला लेन ही अर्थमितीतज्ज्ञ आहे. स्पर्श, गंध आणि सहवास तिला कठीण जातात. आपल्यातच दुरुस्त करण्याजोगे काही आहे असे मानून ती मायकेल या तरुणाला पैसे देऊन प्रणयाचे धडे घेऊ पाहते. मायकेलची आई व्हिएतनामी आहे. त्याच्या घरी जेवणास गेल्यावर प्लास्टिकच्या भांड्यात गरम केलेल्या अन्नाबद्दल स्टेला आरोग्याची शंका बोलून दाखवते. तिच्या दृष्टीने ती काळजी असते. यजमान घराला तो आपल्या राहणीचा अपमान वाटतो. या प्रसंगात कोणीही दुष्ट नाही, आणि कोणी सर्वस्वी बरोबरही नाही. स्वमग्नता, वर्गभेद आणि स्थलांतरित कुटुंबाचा स्वाभिमान एकाच मेजावर आल्याने मिल्टन यांची कल्पना येथे कथारूप घेते.

'द ब्राइड टेस्ट' : दोन अबोलपणे

दुसऱ्या कादंबरीत ही रचना अधिक स्पष्ट होते. खाई दिएप हा स्वमग्न हिशेबनीस आहे. चुलतभावाच्या मृत्यूनंतर त्याला रडू आले नाही, म्हणून आपण प्रेम करूच शकत नाही, असे त्याने ठरवून टाकले आहे. त्याची आई मुलासाठी वधू शोधण्यास व्हिएतनामला जाते आणि हो ची मिन्ह शहरातील एका हॉटेलात साफसफाई करणाऱ्या तरुणीची निवड करते. त्या तरुणीचे मूळ नाव 'मी'. व्हिएतनामी भाषेत अमेरिकेलाही हाच शब्द आहे. अमेरिकेत ती 'एस्मे' होते. मायदेशी असलेल्या आपल्या मुलीची गोष्ट ती लपवते.

नायक आणि नायिका यांच्या दृष्टिकोनांतून आळीपाळीने कथन करणे, ही आजच्या प्रेमकादंबरीची नेहमीची पद्धत. होआंग तिच्याकडून मोठे काम करून घेतात. एस्मेचे इंग्रजी संवाद तुटक आहेत, पण तिच्या प्रकरणांतील विचार सलग, तल्लख आणि विनोदी आहेत. खाईचे बोलणे कोरडे आहे, पण त्याच्या प्रकरणांत शोक ओतप्रोत आहे. त्याला तो ओळखता येत नाही, इतकेच. परिणामी दोघांचेही अंतरंग एकट्या वाचकाला ठाऊक असते. जगाला जे मंदपण किंवा भावशून्यता वाटते ते तसे नाही, याचा पुरावा त्याच्या हाती असतो. न रडणे म्हणजे न दुखावणे नव्हे, ही गोष्ट खाईला उशिरा कळते. वाचकाला ती आधीच कळलेली असते.

एस्मे ही मुळात नायिका नव्हती, प्रेमत्रिकोणातील तिसरी व्यक्ती म्हणून तिची योजना होती, असे होआंग यांनी कादंबरीच्या टिपणात नमूद केले आहे. गरीब, अल्पशिक्षित स्थलांतरित स्त्रीला नायिकापद देण्यास आपणच कचरत होतो, आणि आपली निर्वासित आई तर अशीच स्त्री होती, ही जाणीव त्यांना लेखनाच्या ओघात झाली. ज्या पूर्वग्रहाविरुद्ध कादंबरी उभी आहे तो लेखिकेच्या आराखड्यातही होता, ही कबुली मोलाची आहे.

मर्यादा

तथापि काही प्रश्न शिल्लक राहतात. स्टेला आणि खाई दोघेही आकड्यांत निष्णात आणि सधन आहेत. असामान्य बुद्धीच्या स्वमग्न व्यक्तीची रूढ प्रतिमा त्यामुळे पुसली न जाता दृढ होते. ज्यांना दैनंदिन व्यवहारात मोठ्या आधाराची गरज असते, ते या प्रेमकथेच्या बाहेरच राहतात. दुसरे असे की, एस्मेचा मुक्काम एका उन्हाळ्यापुरता आहे. खाईने नकार दिल्यास तिला परतावे लागेल. एकाचा नकार आणि दुसरीचे भवितव्य यांतील ही विषमता कादंबरीला दिसते, पण सुखान्ताची अट ती लवकर मिटवून टाकते. मनाचा अडसर समजुतीने दूर होऊ शकतो. कायद्याच्या अडसराला समजूत पुरत नाही.

'द हार्ट प्रिन्सिपल' या मर्यादेला काही अंशी उत्तर देते. पहिल्या दोन कादंबऱ्यांतील तृतीयपुरुषी निवेदन येथे प्रथमपुरुषी होते. चिनी वंशाची व्हायोलिनवादक ॲना सन हिला निदान मिळते, परंतु तिचे कुटुंबीय ते मानण्यास तयार होत नाहीत. आजारी वडिलांची शुश्रूषा करताना ती 'आज्ञाधारक मुलगी' हा मुखवटा सांभाळते आणि अखेर कोसळते. प्रियकर क्वान तिला समजून घेतो. न समजणारे आहेत ते घरचे. अशा प्रकारे अडसर प्रेमिकांच्या मधून निघून कुटुंबात जाऊन बसतो. प्रेम मिळाले तरी बरे होण्यास वेळ लागतो, हे येथे मान्य केले आहे. म्हणूनच हा सुखान्त अधिक विश्वसनीय वाटतो.

निष्कर्ष

होआंग यांनी प्रेमकादंबरीचा साचा मोडलेला नाही. त्यांनी त्यातील अडसराची जागा बदलली आहे. पहिल्या कादंबरीत नायिका स्वतःला दुरुस्त करू पाहते, दुसरीत नायक स्वतःविषयीचा चुकीचा निवाडा मागे घेतो, तर तिसरीत नायिका इतरांचा निवाडा नाकारते. प्रेमास पात्र कोण, हा प्रश्न या प्रकाराने आजवर रूप, कुळ आणि संपत्ती यांच्या आधारे सोडविला होता. ज्याचे प्रेम ओळखू येत नाही त्याला ते नाहीच असे म्हणण्याचा अधिकार कोणाला, असा नवा प्रश्न या कादंबऱ्या उभा करतात. 'रंजनपर' हे विशेषण त्यांना लावता येईल, परंतु तेवढ्यावर त्यांची बोळवण करता येणार नाही.