बंदिवासातील वर्तन आणि निष्कर्षांची ग्राह्यता : झुकरमन यांच्या ग्रंथाची समीक्षा

प्रस्तावना :
प्राणिसंग्रहालयातील निरीक्षण हा प्राणिवर्तनाच्या अभ्यासाचा सुलभ मार्ग मानला जातो. परंतु तेथे दिसणारे वर्तन प्रजातीचे की बंदिवासाचे, हा प्रश्न सहसा उपस्थित केला जात नाही. सॉली झुकरमन यांचा ‘द सोशल लाइफ ऑफ मंकीज अँड एप्स’ (१९३२) हा ग्रंथ या दृष्टीने पुन्हा तपासणे आवश्यक वाटते.

ग्रंथाचा आधार :
लंडन प्राणिसंग्रहालयातील ‘मंकी हिल’ या कृत्रिम टेकडीवर १९२५ मध्ये सुमारे १०० हॅमड्रायस बबून सोडण्यात आले. केवळ नरच ठेवण्याची योजना होती. तरी काही माद्याही त्यांत आल्या. १९२७ मध्ये आणखी ३० माद्यांची भर घालण्यात आली. माद्यांच्या ताब्यासाठी नरांमध्ये भीषण झुंजी झाल्या. झुकरमन यांच्याच नोंदींनुसार, मृत्यू पावलेल्या ३३ माद्यांपैकी ३० या झुंजींत दगावल्या. या निरीक्षणांचा मोठा आधार घेऊन लैंगिक आकर्षण व नरांचे वर्चस्व हा नरवानर गणातील समाजजीवनाचा पाया होय, असा सिद्धान्त त्यांनी मांडला.

समीक्षा :
झुकरमन यांनी मृत्यूंची नोंद लपविली नाही, हे त्यांचे श्रेय मान्य करावे लागते. दोष आहे तो सामान्यीकरणात. परस्परांना अपरिचित प्राणी, माद्यांच्या तुलनेत नरांची अतोनात संख्या आणि पराभूताला दूर निघून जाण्यास वाव नसलेली बंदिस्त जागा, ही परिस्थिती मानवनिर्मित होती. तिच्यातून उद्भवलेला संहार प्रजातीचा स्वभाव ठरविण्यात आला.

हान्स कुमर यांनी १९६० च्या दशकात इथिओपियात केलेल्या क्षेत्र-अभ्यासातून वेगळे चित्र पुढे आले. तेथे एक नर व त्याच्या माद्या असे स्थिर गट आढळले. नर आपल्या माद्यांना मानेला चावा घेऊन धाकात ठेवतो. म्हणजे हा समाज सौम्य नव्हे. तथापि परिचित नर दुसऱ्याच्या मादीवर सहसा हक्क सांगत नाही. ‘मंकी हिल’वर हा संयम टिकण्यासाठी लागणारे पूर्वपरिचयाचे संबंधच नव्हते.

येथे एक बाब लक्षणीय आहे. कुमर यांच्या अभ्यासाचा आरंभही झुरिकच्या प्राणिसंग्रहालयातच झाला होता. म्हणून बंदिवासातील निरीक्षण त्याज्य ठरत नाही. तुलनेविना काढलेला निष्कर्ष मात्र त्याज्य ठरतो.

निष्कर्ष :
प्राणिकल्याण हा केवळ भूतदयेचा विषय नसून संशोधनपद्धतीचाही आहे. पीडित प्राण्याचे वर्तन प्रामुख्याने त्याच्या पीडेची माहिती देते. आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत प्राणी किती वेळ फिरला वा झोपला याचे तक्ते असतात. त्यांच्या जोडीला जागेचा विस्तार, गटाची रचना व पूर्वेतिहास, आहाराच्या वेळा आणि आडोशाची सोय यांची नोंद अनिवार्य करावी. त्या ३० माद्यांचा मृत्यू सिद्धान्ताचा पुरावा म्हणून वाचला गेला. वस्तुतः तो व्यवस्थेच्या अपयशाचा पुरावा होता.