वकिलांचें बिऱ्हाड, बुद्धाचें देऊळ

सर रदरफर्ड ऑल्कॉक यांचा ‘दि कॅपिटल ऑफ दि टायकून’ हा दोन खंडांचा ग्रंथ १८६३ सालीं प्रसिद्ध झाला. जपानांतील पहिल्या ब्रिटिश वकिलाची ही हकीकत मनोवेधक आहे खरी. परंतु ग्रंथ मिटल्यावर एक प्रश्न मनांत राहतो. ज्या वास्तूंत हें सारें घडलें, ती कोणाची?

येदो शहराच्या ताकानावा भागांतील तोझेन्जी हें झेन पंथाचें प्राचीन देवालय. तें १८५९ सालीं शोगुनच्या सरकारनें इंग्रजांस वकिलातीसाठीं नेमून दिलें. अमेरिकनांस व फ्रेंचांसहि देवळेंच मिळालीं. ऑल्कॉकना तेथील उद्यानाचें कोण कौतुक! पण तें भाडेकरूचें कौतुक होय.

५ जुलै १८६१ च्या रात्रीं मितोकडील चौदा रोनिन तलवारी घेऊन आंत शिरले. ऑलिफंट यांनीं अंधारांत शिकारीच्या चाबकानें त्यांस तोंड दिलें. वरच्या तुळईनें कांहीं वार झेलले म्हणून ते वांचले. चित्रकार विर्गमन जमिनीखालीं दडून बसले, आणि पुढें त्याच प्रसंगाचें चित्र त्यांनीं लंडनला धाडलें! हा भाग ग्रंथांत उत्तम उतरला आहे. एरव्हीं विषयांतराचा सोस असलेली लेखणी येथें थेट चालते.

मात्र हल्लेखोर म्हणजे केवळ मारेकरी, एवढ्यावर ग्रंथकार संतुष्ट दिसतात, आणि हें आम्हांस मान्य नाहीं. पवित्र भूमि परकीयांनीं विटाळलेली पाहवत नाहीं, अशा आशयाचा कागद एकाजवळ सापडला होता. भूमीचा विटाळ काढावयास निघालेल्या या माणसांनीं अहिंसेच्या देवालयांतच रक्त सांडावें, हा विरोधाभास त्यांनाहि उमगला नाहीं. वकिलाला देऊळ म्हणजे बिऱ्हाड, रोनिनांना रणांगण. देवळाचें देऊळपण उभयतांच्या हिशेबीं नव्हतें.

पुढील वर्षीं ऑल्कॉक रजेवर असतांना पहाऱ्यावरीलच मात्सुमोतोच्या एका सैनिकानें दोन इंग्रज शिपाई मारून आत्महत्या केली. पहाऱ्याच्या खर्चाखालीं आपलें संस्थान पिचत होतें, हें त्याच्या कृत्याचें कारण सांगतात. तेव्हां सर्वच विरोध धर्मवेडाचा होता, असें कसें म्हणावें? गोतेनयामा येथें बांधलेली नवी वकिलात तर १८६३ च्या जानेवारींत जाळली गेली, आणि जाळणारांत इतो हिरोबुमि होते, जे पुढें जपानचे पहिले पंतप्रधान झाले.

तोझेन्जी अद्याप ताकानावांत आहे. त्या रात्रीच्या वारांच्या खुणा तेथील खांबांवर राखून ठेवल्या आहेत.