ठरलेल्या मुदतीचा पेच

ख्वान लिंझ यांचा अध्यक्षीय पद्धतीच्या धोक्यांवरचा निबंध १९९० साली प्रसिद्ध झाला. त्याचा मुख्य मुद्दा असा: अध्यक्ष आणि कायदेमंडळ या दोघांनाही लोकांनीच निवडलेले असते. दोघांत बिनसले, तर लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हे ठरवायला लोकशाहीकडे तत्त्व नाही. त्यात अध्यक्षाची मुदत ठरलेली, म्हणून पेच सुटत नाही; तो साचत जातो.

चिलीचे उदाहरण या मांडणीत चपखल बसते. १९७० मध्ये साल्वादोर आयेंदे जेमतेम ३६ टक्के मतांवर पहिले आले. दुसऱ्या उमेदवाराशी अंतर चाळीस हजारांहूनही कमी होते. अखेर काँग्रेसने त्यांची निवड केली. मार्च १९७३ च्या निवडणुकीत विरोधकांना बहुमत मिळाले, पण अध्यक्षाला हटवण्यासाठी लागणारे सिनेटमधले दोन-तृतीयांश मिळाले नाही. २२ ऑगस्टला प्रतिनिधिगृहाने सरकारवर घटनाभंगाचा ठपका ठेवला. वीस दिवसांनी लष्कराने उठाव केला. संसदीय पद्धतीत कदाचित अविश्वासाच्या ठरावावर भागले असते.

मला लिंझ इथपर्यंत पटतात. पण बंडाची सगळी जबाबदारी घटनेच्या आराखड्यावर टाकली, की रणगाडे आपोआप आल्यासारखे वाटू लागते. अमेरिकेचा हस्तक्षेप, भडकलेली महागाई आणि स्वतःला राष्ट्राचे पालक समजणारे सेनाधिकारी मग पार्श्वभूमीला जातात. होजे आंतोनियो शेबुब यांनी २००७ च्या पुस्तकात नेमके इथेच बोट ठेवले: अध्यक्षीय लोकशाह्या अधिक कोसळतात, कारण त्या बहुधा लष्करी राजवटीच्या वारशातून उभ्या राहतात.

दक्षिण कोरियाने हा वाद ताजा केला. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अध्यक्ष यून सक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला. राष्ट्रीय सभेत विरोधकांचे बहुमत होते, म्हणजे परिस्थिती लिंझ यांनी वर्णिलेलीच. तरी तीन तासांच्या आत १९० सदस्यांनी एकमताने तो कायदा उठवण्याचा ठराव केला. ७ तारखेला सत्ताधारी पक्षाच्या बहिष्कारामुळे महाभियोग फसला. १४ तारखेला २०४ मतांनी तो संमत झाला. विरोधी बाजूची मते १९२ होती. म्हणजे सत्ताधारी पक्षातल्या किमान बारा जणांनी आपल्याच अध्यक्षाविरुद्ध मत दिले. ४ एप्रिल २०२५ रोजी घटना न्यायालयाच्या आठही न्यायमूर्तींनी त्यांना पदच्युत केले.

दोन-तृतीयांशाची अट चिलीतही होती, कोरियातही. तिथे ती भिंत ठरली, इथे दरवाजा. फरक घटनेच्या कलमात नव्हता. तो सैनिकांच्या कचरण्यात, रस्त्यावर उतरलेल्या नागरिकांत आणि त्या बारा मतांत होता.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेब आंबेडकरांनी स्थैर्य आणि उत्तरदायित्व यांतला हाच तोल सांगितला होता. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत जबाबदारीचा हिशेब रोजचा; मसुद्याने दुसरीकडे कल दिला. लिंझ आणखी पुढे जाऊन म्हणतात, की ते स्थैर्यही खरे नाही. पण आपण १९७५ विसरू शकत नाही. आणीबाणीत संसद होती, बहुमतही होते. रोजचा हिशेब मात्र थांबला, आणि १९७६ मध्ये लोकसभेने स्वतःचीच मुदत वाढवून घेतली. तेव्हा ते बारा जण आपल्याकडे निघाले नाहीत. लिंझ वाचताना हा प्रश्न मला सोडत नाही: पद्धत कोणतीही असो, आपल्या नेत्याला ‘नाही’ म्हणणारी माणसे पक्ष घडवतो का?