माळ्यावरच्या तबकड्यांचा हिशोब

समजा, १९७२ साली अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावातल्या चार पोरांनी पदरचे पैसे घालून आपल्या गाण्यांची तबकडी काढली. दोन-तीनशे प्रती. काही मित्रांनी घेतल्या, उरलेल्या माळ्यावर गेल्या. पन्नास वर्षांनी या गाण्यांचा पत्ता तुम्हाला कोण देणार?

हे काम अंगावर घेतलं ते स्वीडनमधल्या एका माणसानं. पॅट्रिक लुंडबोर्ग (१९६७–२०१४) हा सायकेडेलिक रॉकचा, म्हणजे साठच्या दशकात एलएसडीच्या अनुभवाशी जोडल्या गेलेल्या संगीताचा इतिहासकार. टेक्ससच्या ‘थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स’ या बँडवर त्यानं बारीकसारीक तपशिलांचा संदर्भग्रंथ केला. २००६ साली सहकाऱ्यांसोबत ‘द अ‍ॅसिड अर्काइव्हज’ काढलं. त्यात १९६५ ते १९८२ या काळातल्या, बहुतेकांच्या कानावरही न आलेल्या हजारो तबकड्यांच्या नोंदी आहेत.

वाचकहो, हे पुस्तक दिसायला यादीसारखं आहे, पण वाचायला लागलात की खाली ठेववत नाही. संग्राहकांच्या बाजारात तबकडी जितकी दुर्मीळ तितकी ती थोर मानली जाते. लुंडबोर्ग आणि मंडळी या भावाला भुलत नाहीत. महागड्या तबकडीला ते कंटाळवाणी म्हणतात आणि कुणी न विचारलेल्या तबकडीचं मोकळेपणानं कौतुक करतात. त्यांनी ती ऐकलेली असते, हे चार ओळींतही जाणवतं.

२०१२ साली आलेल्या त्याच्या ‘सायकेडेलिया’ या जाडजूड ग्रंथाबद्दल मात्र मला तसं म्हणता येत नाही. प्राचीन ग्रीसमधल्या एल्युसिसच्या गुप्त विधींपासून आजपर्यंत एकच संस्कृती वाहत आली आहे, असं तो मांडतो. अभ्यास दांडगा आहे, पण मधली शतकं तर्कावर ओलांडलेली वाटतात. प्रत्येक वाक्यामागे एक ऐकलेली तबकडी असावी, ही त्याची जुनी शिस्त इथे सुटते. माझ्या मते त्याचा मोठेपणा सिद्धान्तापेक्षा त्या चार-चार ओळींच्या नोंदींतच आहे.

दूर स्टॉकहोमला बसून त्यानं परक्या देशाच्या माळ्यावरचं संगीत जपलं, हे आपल्यासाठीही लक्षात घेण्यासारखं आहे. मुंबईच्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या बँडची गाणी २०११ साली पुन्हा बाजारात आणली, तीही एका अमेरिकी कंपनीनं. आपल्या गोष्टींची नोंद परक्यानं ठेवली तर त्यात कमीपणा नाही. पण ती कुणीच ठेवली नाही, तर गाणं झालंच नव्हतं असं होतं.

तुमच्या तळघरातही मंडळाच्या जुन्या कार्यक्रमांच्या कॅसेट असतील. या शनिवारी एक ऐका, आणि कोण गातंय, कुठे, कोणत्या साली, एवढं तरी तिच्यावर लिहून ठेवा.