'कॉन्ट्रा' : लय आणि लयभंग

कोनामी या जपानी संस्थेने १९८७ मध्ये नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रासाठी काढलेला आणि १९८८ मध्ये निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर आलेला 'कॉन्ट्रा' हा व्हिडिओ गेम महाराष्ट्रातील बहुतेक खेळणाऱ्यांच्या हाती मूळ रूपात कधी आलाच नाही. वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या गावी तो पोहोचला तो १९९० नंतर, त्या यंत्राच्या स्वस्त नकलांबरोबर, एकाच कॅसेटमध्ये इतर अनेक खेळांच्या गर्दीत. सोबत पुस्तिका नाही, वेष्टन नाही. जपानी आवृत्तीप्रमाणे त्याचे कथानक इ.स. २६३३ मध्ये गालुगा नावाच्या द्वीपसमूहावर घडते. अमेरिकी पुस्तिकेने ते वर्तमानकाळात, दक्षिण अमेरिकेच्या अरण्यात आणून ठेवले. यांतले काहीही समुद्रपूरच्या मुलांना कोणी सांगितले नाही. (नावात समुद्र धारण करणाऱ्या, पण किनाऱ्यापासून शेकडो मैल आत असलेल्या गावाला त्या बेटांचा पत्ता नसावा, हा योग गमतीचा खरा.) त्यामुळे कलाकृती आहे पण तिच्याभोवतीचे निवेदन नाही, अशी एक दुर्मिळ अवस्था आपोआप सिद्ध झाली. या खेळाचे मूल्य ठरवावयाचे तर ते पडद्यावरील क्रियेवरूनच ठरविले पाहिजे, आणि तसे ते ठरविता येते, हेच त्याचे पहिले सामर्थ्य होय.

खेळाचा नियम एका वाक्यात सांगता येतो : शत्रूची एक गोळी लागली की मरण. रक्षणासाठी खेळणाऱ्याजवळ ढाल नाही. आहे ती उडी, जमिनीवर पालथे पडणे आणि आठ दिशांनी गोळी झाडण्याची मुभा. उडी घेताना देह चेंडूसारखा गुंडाळला जातो आणि हवेत असतानाही त्याची दिशा बदलता येते. ही तपशिलाची बाब क्षुल्लक नव्हे. मरण जर इतके स्वस्त असेल, तर ते आपल्याच चुकीमुळे आले असे खेळणाऱ्यास वाटले पाहिजे. आणि हाताच्या आज्ञेला देह तत्काळ वळत असल्यामुळे ते तसे वाटते. पहिल्या टप्प्यात पायाखालचा पूल फुटत जातो तेव्हा कोणतीही सूचना मिळत नाही. एकदा पाण्यात पडलेला खेळाडू दुसऱ्यांदा थांबत नाही. अक्षरओळखही नसलेल्या मुलाला हे शिक्षण पुरते.

मर्ढेकरांनी लयीच्या संदर्भात संवाद, विरोध आणि समतोल अशी जी तत्त्वे मांडली, ती शब्दांच्या कलेपुरती मर्यादित मानण्याचे कारण नाही. 'कॉन्ट्रा'च्या अरण्यात, हिमप्रदेशात व विशेषतः धबधब्याच्या टप्प्यात संवाद आणि विरोध यांचा प्रत्यय स्पष्ट येतो. धावणे आणि थबकणे, मोकळी जागा आणि अडलेली वाट यांची आवर्तने तेथे नेमकी पडतात. धबधब्यावर तर दोन खेळाडूंचा परस्परसंबंधच लयीचा घटक बनतो. वर चढणाऱ्याबरोबर पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेखाली जाऊन मरतो. घाई करणारा सोबती शत्रूइतकाच घातक ठरावा, ही कल्पना एकाच टीव्हीसमोर खांद्याला खांदा लावून बसलेल्या भावंडांना जितकी कळते तितकी एकट्या खेळणाऱ्यास कळणार नाही.

दोन तळांचे टप्पे, ज्यांत खेळाडू पाठमोरा दिसतो व पडद्याच्या आत आत जातो, त्या मानाने फिके आहेत. खोलीचा आभास अपुरा, हालचाल आखडलेली. त्यांविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

खरा दोष आहे तो समतोलाचा, आणि तो शस्त्रांच्या योजनेत आहे. साध्या बंदुकीखेरीज चार शस्त्रे मिळतात व ती अक्षरांनी ओळखली जातात. त्यांतील 'एस' हे पंख्यासारख्या पाच गोळ्या एकदम फेकते. ते हाती आले की नेम धरण्याची गरज बरीचशी संपते. 'एम' त्यानंतर निदान सुसह्य आहे. 'एफ'ची गोळी गिरक्या घेत रेंगाळत जाते. 'एल'च्या बाबतीत पहिला मारा पोहोचण्यापूर्वी पुन्हा कळ दाबली, तर तोच मारा रद्द होतो. म्हणजे 'एस' जवळ असताना 'एल'वर चुकून पाय पडणे ही दुर्घटना ठरते. बक्षिसाची शिक्षा व्हावी, हे रचनाकाराला अभिप्रेत असेल असे वाटत नाही. निवडीचा आभास चार शस्त्रांचा, प्रत्यक्षात निवड एकाचीच.

या दोषाचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. मरणाबरोबर शस्त्रही जाते. अखेरच्या टप्प्यांत, जेथे शत्रू चारी बाजूंनी येतात, तेथे 'एस' गमावलेला खेळाडू साध्या बंदुकीनिशी उभा राहतो व बहुधा पुन्हा मरतो. जो सावरला आहे त्याला खेळ अधिक सोपा होतो, जो घसरला त्याला अधिक अवघड. पहिल्या टप्प्यातील मरण काही शिकविते. आठव्या टप्प्यातील मरण केवळ मागील मरणाचे व्याज वसूल करते.

तीस लाईफच्या प्रसिद्ध युक्तीचा विचार याच संदर्भात करावयास हवा. कळांचा हा क्रम काझुहिसा हाशिमोतो (मृत्यू २०२०) यांनी मुळात १९८६ च्या घरगुती 'ग्रेडियस'साठी बसविला होता, कारण तपासणीसाठी तो खेळ पुरा करणे त्यांना स्वतःलाच जड जात होते. 'कॉन्ट्रा'त त्याने तीनांऐवजी तीस लाईफ मिळतात. या युक्तीला लबाडी म्हणणारे एक गोष्ट विसरतात. या खेळात डाव जपून ठेवण्याची सोय नाही. वीज गेली की आरंभापासून सुरुवात. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन रोजचे झाले होते. निष्णात खेळाडू अर्ध्या तासाच्या आत हा खेळ संपवितो, पण शिकाऊ खेळाडूला तेवढी अखंड वीज आणि तेवढे कौशल्य एकाच वेळी लाभणे कठीण. तीस लाईफ नसते तर पुष्कळांना हिमप्रदेशापलीकडचा एकही टप्पा दिसला नसता.

तथापि या युक्तीने मूळ दोषाचे निवारण होत नाही. तिने मरणाची संख्या वाढविली, त्याची किंमत बदलली नाही. अरण्यात मात्र, जेथे तीन लाईफचे भय लयीला धार देत होते, तेथे ती धार बोथट झाली. आणि आठव्या टप्प्यात विसाव्या मरणानंतरही खेळाडूच्या हाती परत येते ती तीच साधी बंदूक.