अंतर नसलेल्या विश्वातील यात्रेकरू

विज्ञान-कादंबरी म्हटली की आपल्याकडे ती मुलांच्या कपाटात ठेवण्याचा प्रघात आहे. मीही पुष्कळ वर्षे त्याच मताचा होतो. अमेरिकन कादंबरीकार डॅन सिमन्स यांची ‘हायपेरियन’ (१९८९) परदेशी राहणाऱ्या पुतण्याने हाती ठेवली, तेव्हा तिच्यात एक येशूसंघीय धर्मगुरू आहे एवढ्याच कुतूहलाने ती उघडली. पुढे ‘द फॉल ऑफ हायपेरियन’ (१९९०), ‘एंडिमियन’ (१९९६) आणि ‘द राइज ऑफ एंडिमियन’ (१९९७) हे भागही वाचले. शेवटच्या दोन भागांचा रागही आला. तो राग अजून पुरता ओसरलेला नाही, हे वाचकांना आधीच सांगितलेले बरे.

या चार ग्रंथांतील विश्वाचा कणा म्हणजे ‘फारकास्टर’ नावाच्या द्वारांचे जाळे. एका ग्रहावरील उंबरठा ओलांडावा आणि पाऊल दुसऱ्या ग्रहावर पडावे, मध्ये क्षणाचेही अंतर नाही. अशा शंभरांहून अधिक ग्रहांचे मिळून एक राज्य झाले आहे. टेथिस नावाची नदी या द्वारांतून एका ग्रहावरून दुसऱ्यावर वाहते. मार्टिन सायलेनस या कवीच्या घराला तीसहून अधिक खोल्या आहेत आणि त्या जवळजवळ साऱ्या वेगवेगळ्या ग्रहांवर आहेत. त्याचे शौचगृह तर समुद्रावर तरंगणाऱ्या तराफ्यावर, भिंतींवाचून! सिमन्स यांचा विनोद येथे मोठा प्रसन्न आहे. परंतु वाचता वाचता लक्षात येते की, ज्या माणसाला सर्वत्र घर आहे, त्याला शेजारी मात्र कोठेच नाही.

जाळ्याबाहेरच्या ग्रहांकडे जायचे तर जहाजानेच जावे लागते. ही जहाजेही प्रकाशाहून वेगाने धावतात, परंतु त्यांतून जाणाऱ्यावर ‘कालऋण’ चढते. त्याचे काही आठवडे वा महिने जातात, तेवढ्यात किनाऱ्यावरच्या माणसांची वर्षे उलटतात. कॉन्सलने सांगितलेली मेरिन व सिरी यांची कथा याच ऋणावर उभी आहे. माउई-कॉव्हेनंट या जलमय ग्रहावर मेरिन खलाशी म्हणून पुन्हा पुन्हा येतो. तो तरुणच राहतो. सिरी प्रत्येक भेटीत वयाने पुढे गेलेली असते आणि अखेरीस वृद्ध होऊन मरण पावते. तो ज्या कामासाठी येत असतो, ते काम म्हणजे त्या ग्रहावर फारकास्टर उभारणे! द्वार उघडले की पर्यटक येणार आणि तेथील तरती बेटे व डॉल्फिन नष्ट होणार, हे सिरीने ओळखलेले असते. उद्‌घाटनाच्या दिवशी मेरिन तिच्या थडग्यापाशी जातो आणि मग द्वारच उद्‌ध्वस्त करतो. माझ्या मते चारही ग्रंथांतील ही सर्वोत्कृष्ट पाने होत. ज्यांच्या घरची माणसे जहाजावर वा आखातात वर्षे काढतात, त्यांना कालऋण समजावून सांगण्यासाठी आइन्स्टाइनची गरज पडणार नाही.

दुसऱ्या ग्रंथात या सुखसोयीचे मोल उघड होते. ज्या कृत्रिम बुद्धिमत्तांनी माणसाला ही द्वारे दिली, त्या द्वारांच्या मधल्या पोकळीतच दडून आहेत आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या मेंदूंचा आपल्या गणितासाठी नकळत वापर करीत आहेत. हे कळताच राज्यप्रमुख मायना ग्लॅडस्टन सारी द्वारे एकाच वेळी नष्ट करण्याची आज्ञा देते. त्या क्षणी वाटेत असलेले मरतात, कुटुंबे वेगवेगळ्या ग्रहांवर कायमची तुटतात, अन्न बाहेरून येणाऱ्या नगरांवर उपासमार ओढवते. ग्लॅडस्टन मग स्वतःहून संतप्त जमावासमोर जाते आणि मारली जाते. लेखक तिला निर्दोष ठरवीत नाही, दोषीही ठरवीत नाही. काहींना बुडवून इतरांना तारण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही पुष्कळ घोळला होता. इतका जड तो तेथे कधी वाटला नव्हता.

आता रागाचे कारण. उत्तरार्धात द्वारांची जागा ख्रिस्तसभेची जहाजे घेतात. त्यांचा वेग इतका प्रचंड की आतला प्रवासी चिरडून मरतो आणि मुक्कामी पोचल्यावर छातीवरील क्रूसाकृती परजीवीच्या योगे तीन दिवसांत पुन्हा उठतो. पुनरुत्थान हे येथे वाहतुकीचे साधन झाले आहे. प्रथम वाचनात मी पुस्तक मिटून ठेवले. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा ध्यानात आले की, ही टीका पुनरुत्थानावर नसून त्याच्या नकलेवर आहे. मेलेले शरीर होते तसे पुन्हा चालू करणे आणि मरणावर विजय मिळवणे या निराळ्या गोष्टी आहेत, हे तर आम्ही दर पास्काला प्रवचनपीठावरून सांगतो. पहिल्या ग्रंथातील फादर पॉल दुरे हेच आपल्या देहाने सांगतात: क्रूसाकृतीचे अमरत्व नको म्हणून ते विजा झेलणाऱ्या टेस्ला वृक्षाला स्वतःला बांधून घेतात आणि वर्षानुवर्षे जळत राहतात. पुढे ते पोप होतात आणि तेयार हे नाव घेतात. तेयार द शार्दँ यांच्या लेखनाविषयी १९६२ साली रोमने सावधगिरीची सूचना दिली होती, हे ठाऊक असलेल्याला या नावातील खोच कळेल.

तरीही लेखकाचा एक अन्याय उरतोच. त्याच्या ख्रिस्तसभेचे सत्ताधारी जवळजवळ सारेच कपटी, आणि सामान्य श्रद्धावंत तर पानांतून दिसतच नाहीत. मिस्साला येणारी म्हातारी, मुलाला स्नानसंस्कारासाठी आणणारी आई, यांच्यावाचून ख्रिस्तसभा रंगवणे म्हणजे समुद्र न पाहता बंदराचा नकाशा काढणे होय. सारा भार फादर-कॅप्टन फेदेरिको दे सोया या एकाच पात्रावर पडतो. ते आज्ञाधारकपणे पुन्हा पुन्हा मरतात, उठतात, थरथरत्या हातांनी मिस्सा अर्पण करतात आणि अखेरीस आज्ञेविरुद्ध उभे राहतात. ते पात्र मात्र मनात घर करते.

कलादृष्ट्या मोठा दोष मला चौथ्या ग्रंथात दिसतो. तेथे एनिया ही नायिका शिकवते की, द्वार नको, जहाज नको. प्रेमाच्या बळावर माणूस वाटेल तेथे क्षणात पोचेल. कल्पना उदात्त आहे. परंतु ज्या लेखकाने अंतर पुसल्याबद्दल एवढी नगरे उपाशी मारली, सिरीला थडग्यात घातले, त्यानेच अंतर पुन्हा पुसून टाकावे? त्या बळाची किंमत एनिया आपल्या प्राणांनी देते, हे खरे. पण तिच्यामागून येणाऱ्यांना ते जवळजवळ फुकट मिळते. चॉसरच्या यात्रेकरूंप्रमाणे सात जण एकमेकांना आपापली कहाणी सांगत वाट चालतात, हा पहिल्या ग्रंथाचा घाट होता. वाट लांब होती, म्हणूनच कहाण्या सांगून झाल्या.

ज्यांना चारही ग्रंथ वाचण्यास सवड नाही, त्यांनी पहिला वाचावा, आणि त्यातही दुरे यांची रोजनिशी व कॉन्सलची कथा चुकवू नये. पुतण्याला मी तसे कळवले आहे. त्याचे मत उलट आहे. त्याला चौथाच ग्रंथ आवडतो.