कागज के फूल : छायाचित्रण

गुरुदत्त दिग्दर्शित हिंदी कृष्णधवल चित्रपट (१९५९). सिनेमास्कोप पद्धतीने चित्रित झालेला हा पहिला भारतीय चित्रपट. छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती, कलादिग्दर्शक एम. आर. आचरेकर. चित्रणतंत्राची निवड कथाशयातून कशी सिद्ध व्हावी, या दृष्टीने त्याचा विचार महत्त्वाचा ठरतो.

सिनेमास्कोपमध्ये विशिष्ट भिंगाने दृश्याची रुंदी निम्म्याने आकुंचित करून ते नेहमीच्या ३५ मिमी. फितीवर घेतात आणि प्रक्षेपणाच्या वेळी तेवढेच विस्तारतात. त्यामुळे चौकटीची रुंदी उंचीच्या सु. २·३५ पट होते. पूर्वीच्या प्रचलित चौकटीत ती १·३७ पट असे. ‘द रोब’ (१९५३) या चित्रपटापासून अमेरिकेत रूढ झालेले हे तंत्र प्रामुख्याने भव्य देखावे, सैन्ये व विस्तीर्ण भूप्रदेश यांसाठी वापरले जाई. गुरुदत्तांनी ते एका एकाकी माणसासाठी वापरले. सुरेश सिन्हा या दिग्दर्शकाचा उत्कर्ष व ऱ्हास हा चित्रपटाचा विषय आहे. त्याच्या कीर्तीच्या काळात माणसांच्या गर्दीने भरून जाणारी रुंद चौकट पुढे रिकामी होत जाते. ओस कलागारात एका कडेला उभी असलेली लहानशी आकृती आणि उरलेल्या भागात केवळ अंधार, अशी रचना पूर्वीच्या आखूड चौकटीत एवढी परिणामकारक झाली नसती.

या रचनेला मूर्तींच्या प्रकाशयोजनेची जोड मिळाली. गीता दत्त यांनी गायिलेल्या विरहगीताच्या प्रसंगी कलागाराच्या छतावरून प्रकाशाचा एक रुंद झोत तिरपा खाली येतो. आरशांच्या साहाय्याने बाहेरचे ऊन आत वळवून तो साधला होता. नायक-नायिका जागीच उभी राहतात आणि त्यांच्या छायारूप प्रतिमा परस्परांकडे जातात. दोघांमधील अंतर येथे संवादाने सांगितलेले नाही. ते प्रकाशाने मोजून दाखविलेले आहे. याच चित्रपटाच्या छायाचित्रणासाठी मूर्तींना फिल्मफेअर पुरस्कार लाभला. पुढे २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना देण्यात आला. हा सन्मान मिळविणारे ते पहिले छायाचित्रकार होत.

तथापि शैलीचा हा मेळ सर्वत्र टिकत नाही. जॉनी वॉकर यांच्या विनोदी उपकथानकात चौकटीच्या कडा निरुपयोगी राहतात. केवळ संभाषणासाठी घेतलेल्या काही समीपदृश्यांतही रुंदीचे प्रयोजन जाणवत नाही. आशयाशी एकजीव झालेले तंत्र आणि केवळ उपलब्ध असलेले तंत्र यांतील भेद एकाच कृतीत दिसतो तो असा.

चित्रपट आर्थिक दृष्ट्या अयशस्वी ठरला. त्यानंतर गुरुदत्तांनी दिग्दर्शक म्हणून आपले नाव कोणत्याही चित्रपटास दिले नाही. पुढील काळात मात्र या कृतीची प्रतिष्ठा वाढत गेली. तिचे मूल्यमापन मूळ रुंदीच्या प्रतीवरूनच करणे इष्ट होय. दूरचित्रवाणीच्या जुन्या ४:३ प्रमाणाच्या पडद्यासाठी कडा कापल्यास नट दिसतात, कथा कळते. नाहीशी होते ती त्यांच्या भोवतालची पोकळी, आणि या चित्रपटाचा खरा आशय तीतच सामावलेला आहे.